विश्लेषण : ‘फक्त तुमचा ईमेल द्या’ म्हणणाऱ्या पानाने किती मागावे?

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की नागपुरात चौकाचौकांत शिकवणी वर्गांचे फलक लागतात. फलकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर एक पान उघडते. वर मोठी ओळ, खाली नाव, ईमेल आणि फोनचा रकाना आणि शेवटी ठसठशीत रंगातले बटण. वर्धा मार्गावरचे भूखंड विकणारे, पेंच-ताडोब्यातील रिसॉर्ट, संत्र्यांची पेटी घरपोच देणारे व्यावसायिक आणि ई-पेपर काढणारी दैनिके यांचीही अशी पाने असतात. ग्राहकाचा ईमेल मिळवणे आणि पुढे त्याला नियमित न्यूजलेटर पाठवणे, हा त्यांचा हेतू. अशी पाने कशी बनवावीत, हा आतापर्यंत फक्त विपणनाचा विषय होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण नियम अधिसूचित झाल्यानंतर तो कायद्याचाही विषय झाला आहे.

लँडिंग पेज म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर अनेक गोष्टी असतात. संस्थेची माहिती, सेवा, छायाचित्रे, पत्ता, बातम्या. लँडिंग पेज याच्या उलट असते. जाहिरात, क्यूआर कोड किंवा समाजमाध्यमावरील दुव्यावरून आलेल्या माणसाने एकच कृती करावी, एवढ्यासाठी ते बनवलेले असते. न्यूजलेटरच्या पानावर ही कृती म्हणजे ईमेल देणे. त्यामुळे अशा पानावर मेन्यू नसतो, इतरत्र नेणारे दुवे नसतात. पाहणाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात : ईमेल देणे किंवा पान बंद करणे.

पानाचे यश मोजण्याची रीतही सोपी आहे. शंभर जण आले आणि आठ जणांनी ईमेल दिला, तर नोंदणीचे प्रमाण आठ टक्के. हे प्रमाण वाढवण्यासाठी शीर्षक, छायाचित्र, बटणावरील शब्द आणि रकान्यांची संख्या बदलून पाहिली जाते.

ईमेलच्या यादीला एवढे मोल का?

पहिले कारण मालकीचे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा लाखोंचे अनुयायी जमवलेल्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र-कुटुंबीयांच्या नोंदींना प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि वृत्तसंस्थांच्या पानांची पोहोच घटली. ईमेलची यादी मात्र ज्याने जमवली त्याच्याकडे राहते. सेवा पुरवणारी कंपनी बदलली तरी यादी सोबत नेता येते.

दुसरे कारण खर्चाचे. व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रेषक, त्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा यांची आधी नोंदणी करावी लागते. व्हॉट्सॲपवर प्रचाराचे संदेश पाठवण्यासाठी व्यवसायांना पैसे मोजावे लागतात. ईमेलला अशी पूर्वनोंदणी नाही आणि प्रति संदेश खर्चही नगण्य.

दैनिकांसाठी तिसरेही कारण आहे. नागपूर हे वृत्तपत्रांचे जुने शहर. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सुरू केलेले ‘द हितवाद’ १९११ पासून येथून निघते आणि ‘लोकमत’ दैनिक झाले तेही १९७१ मध्ये येथेच. मात्र छापील अंक कोणत्या घरात जातो, हे प्रामुख्याने विक्रेत्याला ठाऊक असते. पेपर टाकणारा मुलगा वाचकाला ओळखतो, संपादकीय कार्यालय ओळखत नाही. ईमेल देऊन ई-पेपर किंवा न्यूजलेटर घेणारा वाचक दैनिकाला प्रथमच थेट कळतो.

नोंदणी कशाने वाढते?

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणूक प्रचारासाठी ईमेल जमवणाऱ्या पानावर डिसेंबर २००७ मध्ये एक प्रयोग झाला. गुगलमधून आलेले डॅन सिरोकर यांनी बटणावरील चार मजकूर आणि वरच्या जागेसाठी तीन छायाचित्रे व तीन चित्रफिती अशा एकूण २४ जोड्या करून त्या ३ लाख १० हजार ३८२ जणांना विभागून दाखवल्या. प्रचार पथकाचा कल चित्रफितीकडे होता. प्रत्यक्षात प्रत्येक चित्रफीत प्रत्येक छायाचित्रापेक्षा मागे पडली. ओबामांचे सहकुटुंब छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ या अर्थाचे बटण ही जोडी सर्वांत पुढे राहिली. नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. या बदलामुळे सुमारे २८ लाख ८० हजार ईमेल अधिक मिळाले आणि त्यातून सुमारे सहा कोटी डॉलरच्या देणग्या आल्या, असा अंदाज सिरोकर यांनी नंतर मांडला.

यातून दोन गोष्टी कळतात. पान बनवणाऱ्याला जे आवडते ते येणाऱ्याला आवडेलच असे नाही, म्हणून तपासून पाहणे भाग आहे. दुसरे म्हणजे ‘नोंदणी करा’ हा मजकूर माणसाकडून काही मागतो, तर ‘अधिक जाणून घ्या’ त्याला काही देऊ करतो. ईमेलच्या बदल्यात काय मिळणार, हे पानावर स्पष्ट असले की संकोच कमी होतो.

समजा, पेंचजवळच्या एखाद्या रिसॉर्टला न्यूजलेटर सुरू करायचे आहे. ‘आमच्या न्यूजलेटरचे सदस्य व्हा’ या ओळीतून वाचकाला काही कळत नाही. ‘कोणत्या महिन्यात कोणत्या प्रवेशद्वारातून सफारी घ्यावी, बुकिंग कधी उघडते, महिन्यातून एक ईमेल’ असे लिहिले तर विषय, उपयोग आणि वारंवारता या तिन्ही गोष्टी एका ओळीत समजतात. सोबत मागच्या एखाद्या अंकाचा नमुना दिला तर आणखी चांगले. दुकानात संत्र्याची फोड चाखायला देतात, तोच हा प्रकार.

रकाने जितके कमी तितके भरणारे अधिक, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. न्यूजलेटर पाठवायला ईमेल पुरतो. फोन, जन्मतारीख, पत्ता, उत्पन्न हे रकाने वाढवले की अनेक जण अर्ध्यावर सोडतात किंवा खोटी माहिती भरतात.

मराठी पानांची वेगळी अडचण काय?

जाहिरात मराठीत, पण दुवा उघडल्यावर फॉर्म इंग्रजीत, हे सर्रास दिसते. मराठी वाचक येथेच अडखळतो. बटण, चूक दाखवणारी सूचना आणि नोंदणीनंतर येणारा पहिला ईमेल या तिन्ही ठिकाणी भाषा एकच हवी.

दुसरी अडचण वेगाची. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांसाठी अनेक जादा आकार असतात. त्यामुळे त्याची फाइल साध्या रोमन फाँटपेक्षा जड होते. दोन-तीन फाँट आणि मोठे छायाचित्र असलेले पान ग्रामीण भागातील कमजोर नेटवर्कवर रेंगाळते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गुगलचा निकष आहे. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारख्या खुल्या फाँटपैकी एकच वापरला आणि छायाचित्र हलके केले, तर बराच फरक पडतो. पान उघडताच मजकूर झाकणारी चौकट आणणेही तोट्याचे ठरते. जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर अशी आडकाठी करणारी पाने गुगलच्या शोधक्रमवारीत मागे पडू शकतात.

तिसरी अडचण खुद्द ईमेल पत्त्याची. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. देवनागरीत ईमेल पत्ता घेण्याची तांत्रिक सोयही उपलब्ध आहे. तरीही असा पत्ता टाकला की असंख्य फॉर्म तो ‘अवैध’ ठरवतात. मराठीत न्यूजलेटर काढणाऱ्याने निदान स्वतःच्या पानावर तरी हा पत्ता चालतो की नाही, हे तपासायला हवे.

आकर्षक रचना फसवी कधी ठरते?

‘नको’ हा पर्याय फिकट रंगात बारीक अक्षरांत लपवणे, ‘नाही, मला मुलाच्या भवितव्याची काळजी नाही’ असे लाजवणारे वाक्य नकारासाठी ठेवणे, पान पुन्हा उघडले की पुन्हा पहिल्यापासून धावणारे ‘फक्त दहा मिनिटे शिल्लक’चे घड्याळ, आधीच खूण केलेली चौकट. या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे १३ प्रकार निश्चित केले. खोटी घाई, लाजवून होकार घेणे, सक्तीची कृती, सदस्यत्वाचा सापळा आणि संभ्रमात टाकणारे प्रश्न हे त्यांतील काही.

न्यूजलेटरचा उल्लेख या तत्त्वांत थेट आहे. एखादी वस्तू विकत घेण्यासाठी न्यूजलेटरचे सदस्य होणे भाग पाडणे, हे ‘सक्तीच्या कृती’चे उदाहरण म्हणून दिले आहे. म्हणजे संत्र्याची पेटी मागवणाऱ्याला ‘आधी न्यूजलेटर घ्या, मग पैसे भरा’ असे सांगता येणार नाही. आधीच खूण केलेल्या चौकटीचा प्रश्न युरोपमध्येही आला होता. १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट ४९’ प्रकरणात युरोपीय न्यायालयाने अशी चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्वाळा दिला.

नव्या कायद्याने काय बदलणार?

या कायद्याचे मूळ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले. नागपूरचे न्या. शरद बोबडे या पीठावर होते आणि त्यांनी स्वतंत्र सहमतीचे निकालपत्रही लिहिले. त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल आणि अनेक मसुदे मागे पडून ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती, सूचना आणि सुरक्षेविषयीच्या मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

ईमेल मागणाऱ्या पानाशी यातील चार तरतुदींचा थेट संबंध येतो. पहिली, संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि नि:संदिग्ध हवी आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. गप्प राहणे किंवा आधीची खूण न काढणे म्हणजे संमती होत नाही. दुसरी, कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे सांगणारी सूचना साध्या भाषेत द्यावी लागेल. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असायला हवा. मराठी त्यात आहेच. तिसरी, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. एका बटणावर नोंदणी आणि रद्द करायला मात्र कार्यालयात फोन, हे चालणार नाही. चौथी, घेतलेली माहिती सांगितलेल्या कामासाठीच वापरावी लागेल.

चौथ्या मुद्द्यासाठी कायद्यातच एक सोपे उदाहरण आहे. औषध दुकानात ग्राहकाने पावती मिळावी म्हणून स्वतःहून आपली माहिती दिली, तर दुकानदार ती पावती पाठवण्यासाठी वापरू शकतो. याच न्यायाने ‘मोफत अभ्यासपत्रिका’ डाउनलोड करण्यासाठी दिलेला ईमेल अभ्यासपत्रिका पाठवण्यासाठी असतो. त्यावर दर आठवड्याला जाहिरात पाठवायची असेल, तर त्यासाठी वेगळे विचारावे लागेल. तो ईमेल दुसऱ्या संस्थेला विकणे तर दूरच राहिले.

पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे; प्रत्यक्ष रक्कम उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य आणि कालावधी पाहून विदा संरक्षण मंडळ ठरवेल. नवउद्योगांसह काही वर्गांना केंद्र सरकार मोजक्या तरतुदींतून सूट देऊ शकते. मात्र संमतीचे कलम त्या तरतुदींत नाही. जुन्या याद्यांनाही कायदा लागू होईल. आधी संमतीने घेतलेल्या माहितीबाबत संबंधितांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी लागेल.

शिकवणी वर्गांनी अधिक सावध का असावे?

कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंदी आहे. या कलमाच्या उल्लंघनासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलत आहे. पण ती शैक्षणिक उपक्रम आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेपुरती आहे, जाहिरातीसाठी नाही.

दहावीनंतर जेईई-नीटच्या शिकवणीकडे वळणारा विद्यार्थी साधारण पंधरा-सोळा वर्षांचा असतो. आज क्यूआर कोड स्कॅन करून नाव, ईमेल, शाळा, गुण आणि पालकांचा फोन हे सगळे तोच भरतो. प्रवेश घेतला नाही तरी ही माहिती कुठेतरी राहतेच. काही वेळा एका फॉर्मनंतर चार वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन येऊ लागतात, अशी पालकांची तक्रार असते. मे २०२७ नंतर अशा पानाची रचनाच बदलावी लागेल. फॉर्म पालकांना उद्देशून असेल आणि संमती देणारी व्यक्ती खरोखर पालक आहे, याची खातरजमा करावी लागेल.

पानावरील मजकुरालाही मर्यादा आहेत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे तर त्याच्या निवडीनंतर घेतलेली लेखी संमती हवी आणि त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला होता, हे सांगायला हवे. ‘शेवटच्या पाच जागा’ असे खोटेच लिहून घाई निर्माण करणेही त्यात निषिद्ध आहे. अशा पानांवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोष्टी नेमक्या याच दोन आहेत.

कायदा लागू होईपर्यंत मोकळीक आहे का?

तशी ती कधीच संपली आहे, कारण इनबॉक्सच्या चाव्या गुगल आणि याहूकडे आहेत. भारतात नको असलेल्या ईमेलविरुद्ध अमेरिकेच्या २००३ च्या ‘कॅन-स्पॅम’सारखा स्वतंत्र कायदा नाही. मात्र फेब्रुवारी २०२४ पासून या दोन कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही पद्धतींनी आपली ओळख सिद्ध करावी लागते. प्रचाराच्या ईमेलमध्ये एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय द्यावी लागते आणि तशी विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. ‘स्पॅम’ म्हणून तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचू देता येत नाही. म्हणजे हजारातील तिघे.

हा आकडा लहान आहे. फसवून, सक्तीने किंवा विकत घेऊन जमवलेल्या यादीत हजारात तिघे नाराज निघणे अवघड नाही. तेवढ्याने पुढचे ईमेल स्पॅममध्ये जाऊ लागतात आणि स्वखुशीने नाव नोंदवलेल्यांपर्यंतही पोहोचत नाहीत. त्यामुळे नोंदणीचे प्रमाण वाढले, एवढ्यावर पानाचे यश मोजणे फसवे आहे. तीन महिन्यांनी त्यांतील किती जण ईमेलमधील दुव्यांवर क्लिक करतात, हा खरा आकडा. ‘ईमेल उघडला’ या नोंदीवरही फार विसंबता येत नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलची मेल सेवा ईमेलमधील चित्रे आपोआप उतरवून घेऊ शकते. त्यामुळे न वाचलेला ईमेलही उघडल्याची नोंद होते.

लहान व्यावसायिकाने काय करावे, ग्राहकाने काय पाहावे?

नियम लागू होण्याची वाट न पाहता व्यावसायिकाला बरेच काही आजच करता येते. फक्त ईमेल मागावा. तो कशासाठी, किती वेळा ईमेल येईल आणि बंद कसा करायचा, हे बटणाच्या शेजारीच मराठीत दोन ओळींत लिहावे. प्रचाराच्या संमतीची चौकट वेगळी आणि रिकामी ठेवावी. नोंदणीनंतर पडताळणीचा ईमेल पाठवून, त्यातील दुव्यावर क्लिक करणाऱ्यालाच यादीत घ्यावे. यामुळे आकडा थोडा कमी होतो; पण चुकीचे पत्ते आणि दुसऱ्याच्या नावाने केलेल्या नोंदी गळून जातात. संमती केव्हा आणि कोणत्या मजकुराला दिली, याची नोंद जपावी, कारण वाद झाल्यास ती सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्याची आहे. भूखंड आणि सदनिका विकणाऱ्यांनी पानावर महारेरा नोंदणी क्रमांक आणि ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोडही द्यावा.

ग्राहकाने फॉर्म भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पानावर संस्थेचे नाव आणि पत्ता आहे का, मागितलेल्या माहितीचा मिळणाऱ्या गोष्टीशी संबंध आहे का आणि एखादी चौकट आधीच भरलेली आहे का. फसव्या रचनेबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आजही तक्रार करता येते. मे २०२७ नंतर माहितीच्या गैरवापरासाठी आधी संबंधित संस्थेकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास विदा संरक्षण मंडळाकडे ऑनलाइन जाता येईल.

पुढच्या निकालाच्या मोसमात नागपुरातील फलकांवर क्यूआर कोड असतीलच. त्यामागचे पान मे २०२७ पूर्वी बदलायचे की पहिल्या तक्रारीनंतर, हे ते लावणाऱ्यांनी ठरवायचे आहे.